ढेकूण झाले म्हणून कॉट जाळायची का?

हॉस्टेलवर राहून ढेकूण कुणाला चुकलेत? ब्लॉक कुठलाही असो, मेसमधली पातळ डाळ आणि कॉटमधले ढेकूण या दोन गोष्टी चार वर्षं इमानेइतबारे सोबत करतात. मग एखाद्या रविवारी आपण काय करतो? गादी गच्चीवर उन्हात टाकतो, कॉट उलटी करून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओततो, रेक्टरांच्या मागे लागून औषध मारून घेतो. अगदीच वैताग आला तर गादी बदलतो. पण ढेकूण झाले म्हणून कॉट, गादी, कपाट, सबमिशनची जर्नल्स आणि घरून आलेला लाडवांचा डबा, असं सगळं आवारात नेऊन कुणी काडी लावल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

मग घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की नेमकं हेच का केलं जातं?

"फॉरमॅट मार" हा आपल्याकडचा राष्ट्रीय इलाज आहे. कॉम्प्युटर हळू चालतो? फॉरमॅट मार. सारख्या जाहिराती येतात? फॉरमॅट मार. फोल्डर उघडत नाही? अरे, मार ना फॉरमॅट! दुकानदार तेच सांगतो, शेजारचा पोरगा तेच सांगतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेले आपल्यातले वीरही तेच सांगतात. ब्रँच सिव्हिल असो नाहीतर प्रॉडक्शन, मुलगा-मुलगी इंजिनिअरिंगला आहे म्हणजे कॉम्प्युटर येणारच, अशी समस्त आया आणि काकूंची श्रद्धा असते. त्या श्रद्धेला जागून आपला वीर विंडोजचा पेन ड्राइव्ह लावतो, अर्ध्या-पाऊण तासात मशीन चकाचक करतो, चहा-चिवडा संपवतो आणि "झालं काकू!" म्हणून उठतो. नक्की काय झालं ते काकूंना चार दिवसांनी कळतं.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं. विंडोज केव्हाही पुन्हा मिळतं. पण घराने दहा-पंधरा वर्षांत त्या मशीनमध्ये जे साठवलंय, ते बहुतेक वेळा जगात दुसरीकडे कुठेच नसतं. तेव्हा व्हायरस लागलेला कॉम्प्युटर बरा करायचा असेल, तर फॉरमॅट ही शेवटची पायरी आहे, पहिली कधीच नाही.

आता ही सवय लागली कुठून? आपल्या सीनियर्सच्या सीनियर्सना विचारा. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा वर्म आला. नेटला जोडलेल्या एक्सपीवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप बंद पडायचं. मग पेन ड्राइव्ह स्वस्त झाले आणि 'ऑटोरन'च्या वाटेने येणाऱ्या व्हायरसांनी घरोघरी ठाण मांडलं. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरवर असायचं काय? दोन गेम, चार सिनेमे आणि ढीगभर गाणी. एक्सपीची सीडी घातली, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, गाणी पुन्हा मित्राकडून आणली, विषय संपला. त्या काळापुरता तो इलाज खपून गेला. आज त्याच मशीनमध्ये बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो असतात, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन असतात, वडिलांच्या दुकानाचा टॅलीतला हिशोब असतो, ताईच्या पीएचडीचा अर्धा प्रबंध असतो. रुग्ण बदलला, पण औषध तेच राहिलं.

बरं, हे औषध रोगाला तरी लागू पडतं का? तेही नीट बघू.

पहिली गोष्ट म्हणजे फॉरमॅटमुळे फाइली वाचत नाहीत. "आमचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी खुशाल उडव," असं लोक अगदी आत्मविश्वासाने सांगतात. पण डेस्कटॉप सी मध्येच असतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डरही मुद्दाम हलवले नसतील तर सी मध्येच. आउटलुकच्या मेल, ब्राउझरमधल्या खुणा, स्वतः बसवलेले मराठी फॉन्ट, सगळं तिथेच. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा तर नियमच असतो की जे महत्त्वाचं ते डेस्कटॉपवर, डोळ्यांसमोर! शिवाय हल्लीच्या कितीतरी लॅपटॉपांवर डी नावाचा ड्राइव्हच नसतो.

दुसरी गोष्ट, फॉरमॅटने व्हायरस जाईलच असंही नाही. सी साफ केला, पण डी मध्ये आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमधल्या तीन पेन ड्राइव्हमध्ये तोच किडा बसलेला असेल, तर नव्या विंडोजवर पहिला डबल क्लिक होताच पाहुणे परत. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम सुरू होणं विंडोज ७ पासून बंद झालं. एक्सपी आणि व्हिस्टासाठी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये तसा अपडेट दिला. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी नवी युक्ती काढली: आपोआप चालता येत नाही ना, मग माणसाच्या बोटाकडूनच क्लिक करवून घेऊ! आपला फोल्डर लपवायचा आणि त्याच नावाचा, तसाच दिसणारा शॉर्टकट पुढे ठेवायचा. आपल्याकडे 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात तो हाच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजचे बरेचसे किडे मशीन बिघडवायला येतच नाहीत, ते चोरी करायला येतात. १९८६ च्या 'ब्रेन' व्हायरसमध्ये तो लिहिणाऱ्या लाहोरच्या दोघा भावांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घालून ठेवले होते. किती भाबडा काळ! आताचा चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतो आणि गुपचूप पसार होतो. ते एकदा बाहेर गेले की तुम्ही मशीन सात वेळा फॉरमॅट केलंत तरी परत येत नाहीत. तिथे पासवर्डच बदलावे लागतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत!

आता यात नुकसान कुणाचं होतं ते सांगते. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, त्यांचे यजमान अचानक गेले. वर्षभरानंतर घरातल्या कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. नात्यातल्या एका मुलाने अर्थातच फॉरमॅट मारला. त्याचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? बिचारा सुट्टीतला अख्खा दिवस देऊन गेला. पण काकांचे शेवटच्या पाच-सहा वर्षांतले फोटो त्याच मशीनमध्ये होते, डेस्कटॉपवर. ते व्हायरसने पुसले नव्हते, नुसते लपवले होते. पुसले ते फॉरमॅटने. पुढे एका जाणकाराने फोटो शोधून काढणारा प्रोग्रॅम चालवला. हजारो फाइली आल्या, पण ना नाव, ना फोल्डर, ना क्रम. एफ अक्षर आणि पुढे आकड्यांची रांग. त्यात ब्राउझरने साठवलेली जाहिरातींची चित्रंही मिसळलेली. काही फोटो अर्धे आले, खालचा भाग नुसता करडा. त्या ढिगातून काकू अजूनही अधूनमधून काहीतरी शोधत बसतात.

अर्धे का होईना, त्यांना फोटो मिळाले याला कारण आहे. जुनी फिरती हार्डडिस्क आणि त्यावर 'क्विक फॉरमॅट'. त्यात फक्त फाइलींची अनुक्रमणिका पुसली जाते. मजकूर जागेवरच राहतो, जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर. पण नवं विंडोज टाकलं की ते त्याच जागेवर जाऊन बसतं. व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केला तर डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहिली जातात, तिथे आशाच सोडा. आणि नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीवर 'ट्रिम' नावाची सोय पुसलेल्या फाइलींची जागा स्वतःहून रिकामी करत असते. म्हणजे "आधी फॉरमॅट मारू, नंतर रिकव्हरीचं बघू" हा जुना जुगारही आता खेळण्यासारखा उरलेला नाही.

हे डोळ्यांसमोर असल्यामुळेच २०२३ च्या गणपतीत आमच्या काकांचा फोन आला तेव्हा मी आधी एकच शब्द बोलले, "थांबा!"

काका निवृत्त शिक्षक, राहायला सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. म्हणाले, "अगं, सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारायला लागेल. मार म्हणू का?"

"काका, आधी सांगा, त्यात आहे काय काय?"

"काय असणार? काही विशेष नाही."

मित्रहो, हे 'काही विशेष नाही' सर्वांत धोकादायक! मी गावी पोहोचले, नेटची वायर काढून ठेवली आणि काका-काकूंना समोर बसवून वहीत यादी करायला घेतली. काकांना आठवली पेन्शनची कागदपत्रं आणि सोसायटीचा पत्रव्यवहार. मग आठवली दहा वर्षं खपून जमवलेली घराण्याची वंशावळ. यादी संपली असं वाटत असताना काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि आत्याबाईंच्या ओव्या?" आमच्या पणजीने जात्यावर म्हणायच्या ओव्या काकूंनी कधीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या आणि फोन बदलताना कॉम्प्युटरवर टाकल्या होत्या. कुठे? डेस्कटॉपवर, 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये. पणजी आता नाही. तो फोन तर कधीच भंगारात गेलेला.

यादी झाल्यावर पुढचं काम तसं सोपं होतं. हॉस्टेलवरून निघतानाच मी लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करून नेला होता. मशीन विंडोजमधून सुरू न करता त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलं. विंडोज झोपलेलं, त्यामुळे व्हायरसही झोपलेला. आणि विंडोजमधली 'लपवलेली फाइल' ही खूण लिनक्स मानत नाही, त्यामुळे सगळे फोल्डर जागच्या जागी दिसले. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी 'न्यू फोल्डर' बघितला आणि काही न बोलता आत निघून गेल्या. नव्या बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळी कॉपी करायला रात्रीचे बरेच तास लागले. दोन फोटो उघडलेच नाहीत. तो दोष व्हायरसचा नव्हता, हार्डडिस्क म्हातारी होऊन तिच्यावर खराब सेक्टर पडले होते. म्हणजे व्हायरस आला नसता तरी हे सगळं कधीतरी जाणारच होतं!

आणखी एक गोष्ट खास आपल्या मराठी घरांसाठी. काकांची पत्रं आणि वंशावळ श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट. त्या फाइलींमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फाइल वाचवली पण फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर उडवला, तर 'महोदय' उघडताना चिन्हांची खिचडी दिसते आणि घरचे म्हणतात, "व्हायरसने पत्रं खाल्ली." म्हणून विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर आठवणीने कॉपी करा. वेळ मिळेल तेव्हा हे जुने मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा.

यावर कॉम्प्युटर ब्रँचचे दोस्त लगेच हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. "एकदा किडा आत शिरला की साफ केलेल्या विंडोजवर भरवसा कसा ठेवायचा? खोलवर काही दडून बसलं असेल तर? फॉरमॅटच सुरक्षित." अगदी मान्य! काकांच्या मशीनवर मीही शेवटी फॉरमॅटच केला. माझं भांडण फॉरमॅटशी नाहीच, क्रमाशी आहे. ऑपरेशन करावं लागेल, करा. पण आधी पेशंटचं रक्त तर तपासाल?

तर क्रम असा. जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

एक, वायर. नेट तोडा. वायफाय असेल तर राउटर बंद करा. मशीनशी खेळत बसू नका.

दोन, पासवर्ड. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून मेल, बँक आणि बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदला आणि 'सर्व ठिकाणांहून लॉग आउट' करा. आजारी मशीनवर बसून नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे चोराला नवी किल्ली हातात देणं. पैसे गेल्याचं दिसलं तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. तिथे तासांनीही फरक पडतो.

तीन, यादी. घरातल्या प्रत्येकाला विचारा. हो, आजीलासुद्धा.

चार, प्रत. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते. तसं असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी शोधा. बहुतेक वेळा ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती हातात नसताना फॉरमॅटचं नावही काढू नका.

पाच, तपासणी. बाहेर काढलेल्या फाइली ताजा अँटिव्हायरस असलेल्या दुसऱ्या मशीनवर तपासा. फोटो, गाणी, कागदपत्रं ठेवा. प्रोग्रॅम, स्क्रिप्ट आणि शॉर्टकट सरळ टाकून द्या, ते पुन्हा मिळतात. घरातला प्रत्येक पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डही याच चाळणीतून जाऊ द्या. भारत सरकारच्या सर्ट-इनचं 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे, तिथे साफसफाईची साधनं फुकट मिळतात.

सहा, आता मारा तो फॉरमॅट! त्यानंतर अस्सल विंडोज किंवा लिनक्स, सगळे अपडेट, आणि मग निवडलेल्या फाइली परत. काकांकडे तेव्हा विंडोज १० टाकलं होतं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून आता तिथे लिनक्स मिंटच आहे. काकांची तक्रार एकच, सॉलिटेअरचे पत्ते वेगळे दिसतात.

"व्हायरसने फाइलींना खरंच कुलूप लावलं असेल तर काय?" हा प्रश्न येणारच. रॅन्समवेअर हा प्रकार वेगळा आणि क्रूर. तिथे फाइली लपवलेल्या नसतात, गणिताने बंद केलेल्या असतात. पण तिथेही घाईचा फॉरमॅट घातकच, कारण कुलूप लागलेल्या फाइलीलाही किंमत असते. मे २०१६ मध्ये 'टेस्लाक्रिप्ट'च्या कर्त्यांनी धंदा बंद करताना मुख्य किल्ली स्वतःच जाहीर केली. ज्यांनी बंद फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांच्या उघडल्या, ज्यांनी वैतागून पुसल्या त्यांना त्या किल्लीचा काय उपयोग? जुलै २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलिस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला, तिथे अशा मिळालेल्या किल्ल्या सर्वांना मोफत मिळतात. तेव्हा कुलूप लागलेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर काढा, तारीख लिहा, कपाटात ठेवा. आणि खंडणी भरू नका. पैसे घेऊन चोर किल्ली देईलच, याची हमी कोण घेणार?

आता थोडं कडू बोलते. हे किडे घरी येतात कुठून? बऱ्याच वेळा आपल्या हॉस्टेलवरूनच! गेमचा क्रॅक, ऑटोकॅडचा क्रॅक, मॅटलॅबचा क्रॅक... आणि सोबत सूचना, "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा." अहो, वॉचमनला सुट्टी देऊन मग दार उघडं टाकायचं? 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरलं, आणि त्याने कंपन्यांपेक्षा घरच्या कॉम्प्युटरांचीच शिकार केली. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर फुकट वापरू देते. मॅटलॅबच्या बऱ्याच प्रॅक्टिकल्सना ऑक्टेव्ह किंवा सायलॅब पुरतं. स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. जर्नलवर सही करताना मुलाने प्रोग्रॅम कुठून आणला हेही एकदा विचाराल का? लॅबमध्ये अस्सल आणि मोफत पर्याय बसवून दिलेत तर निम्मे पेन ड्राइव्ह आपोआप शुद्ध होतील.

शेवटचा मुद्दा बॅकअपचा. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा किडा मर्स्क या जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीत शिरला. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचंही काम त्याने विस्कळीत केलं. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. तिच्या नेटवर्कचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणून किड्याने सगळ्या प्रती एकदमच खाल्ल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घानामधली. का? तर तिथे त्या वेळी वीज गेली होती! आपल्याकडे लोडशेडिंगला शिव्या घालताना हे लक्षात असू द्या. यातला धडा सरळ आहे. सतत जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हेच. बॅकअप घ्या, डिस्क काढा, कपाटात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा जाणकारांचा ३-२-१ नियम आहे. घरासाठी तो अवघड नाही. एक मशीनमध्ये, एक कपाटातल्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा मामाच्या घरी.

आणि "एवढी कटकट कोण करणार, फॉरमॅट सोपा" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुण्याचंच उदाहरण देते. नव्वदच्या दशकात कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरसने बिघडलेली मशीन यायची. कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे भाऊ संजय यांनी ती साफ करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातून पुढे क्विक हील उभं राहिलं. नुसते फॉरमॅट मारून देणारी दुकानं तेव्हाही असतील आणि आजही आहेत, पण नाव कुणाचं झालं ते तुम्ही जाणताच. रोग काय आहे ते बघणं, पेशंटचं सामान जपणं आणि मग हत्यार उचलणं, इंजिनिअरिंग म्हणतात ते यालाच की!

परीक्षा संपतील, बॅगा भरल्या जातील, घरी पोहोचताच कुणीतरी म्हणेल, "आमचा कॉम्प्युटर जरा बघतेस का?" जरूर बघा. लाडू-चिवडाही खा. पण बॅगेत विंडोजच्या पेन ड्राइव्हबरोबर लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह, एक रिकामी हार्डडिस्क आणि एक वही असू द्या. वही आधी उघडा आणि विचारा, "काकू, यात काय काय आहे?" त्यांनी "काही विशेष नाही" म्हटलं, तर दुसऱ्यांदा विचारा.